सल्ला : सात महिन्यांच्या लेकीला घेऊन गडावर जावे का?

वाचकाचे पत्र

लग्नाआधीपासून आम्ही दोघेही गडकोट हिंडणारे. महिन्याला एखादा ट्रेक झाला नाही तर चुकल्यासारखे वाटायचे. आता लेक साडेसात महिन्यांची आहे आणि गेले वर्षभर मी टेकडीसुद्धा पाहिलेली नाही. यजमानांनी बाळाला पाठीवर बसवण्यासाठी धातूच्या सांगाड्याची कॅरियर आणली आहे. जुलैअखेरीस मित्रमंडळींबरोबर गुंजवण्याच्या वाटेने राजगडावर जाऊन एक रात्र मुक्काम करायचा, असा त्यांचा बेत आहे. 'परदेशात लोक तीन-तीन महिन्यांची मुले घेऊन डोंगर चढतात,' हे त्यांचे ठरलेले वाक्य. सासूबाई म्हणतात, वर्षाची होईपर्यंत लेकराला उंबऱ्याबाहेर काढू नका, वारे लागेल. माझे सिझेरियन झाले आहे आणि कंबर अजून धरते. जायचे मलाही आहे, पण मन धजावत नाही. अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी गत झाली आहे. नेमके कोणाचे ऐकू?

– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर

सस्नेह नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणे मागून सांगते. जुलैअखेरीस लेकीला राजगडावर नेऊ नका, आणि ती वर्षाची होईपर्यंत तिला घरात कोंडूनही ठेवू नका. आपल्या घरात भांडण चालले आहे ते वयावरून. यजमान म्हणतात आता, सासूबाई म्हणतात वर्षानंतर. मला यात वयापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. लेक रडायला लागली, तापली किंवा नुसतीच कंटाळली, तर आहात तिथून किती वेळात परत फिरता येईल? अर्ध्या-पाऊण तासात गाडीपाशी आणि तासा-दीड तासात घरी पोहोचता येत असेल, तर ती जागा या वयाला चालेल. राजगड या हिशेबात बसत नाही, आणि पावसाळ्यात तर मुळीच बसत नाही.

आपण दोघांनी ती वाट केलेली असणारच, तरीही पाठीवर मूल असल्याची कल्पना करून ती एकदा मनात चढून पाहा. गुंजवण्याहून चोर दरवाज्याकडे जाताना शेवटचा टप्पा कातळातला आहे. तिथे रेलिंगला धरून, पाऊल नीट रोवून वर जावे लागते आणि दोन्ही हात मोकळे असावे लागतात. आठ किलोंचे मूल, दोन-तीन किलोंचा सांगाडा, वर दुपटी, पाणी आणि खाऊ, असे बारा किलोंच्या आसपास ओझे होते, आणि ते साध्या पाठपिशवीसारखे कमरेजवळ न बसता वर आणि मागे झुकलेले असते. त्यातच ते हलते. मूल एकदम बाजूला वाकले की चालणाऱ्याचा तोल त्या बाजूला जातो. कोरड्या दिवसात हे सांभाळून घेता येते, पण जुलैमध्ये कातळावर शेवाळ असते, आणि पाय सटकून माणूस मागे पडला तर तो कोणावर पडणार, हे मी लिहायला नको. हे कॅरियर मळलेल्या पायवाटेने चालण्यासाठी बनवलेले असतात. जिथे हात टेकावे लागतात तिथे ते वापरायचे नसतात. पाली दरवाज्याची वाट पायऱ्यांची आणि सोपी आहे हे खरे, पण रात्री पद्मावती माचीवर लेकीला ताप भरला, तर धुक्यात, अंधारात, ओल्या पायऱ्यांवरून उतरायला दोन तास आणि पुढे गाडीने पुणे गाठायला जवळजवळ तेवढाच वेळ, हे गणित कोणत्याही वाटेने गेलात तरी बदलत नाही.

आणखी एक गोष्ट ट्रेकर लोकांच्या, विशेषतः पाठीवर मूल घेणाऱ्याच्या, लक्षात येत नाही. चढणारा माणूस घामाने भिजलेला असतो, त्याला गारवा सुखाचा वाटतो; पाठीवरचे मूल मात्र हालचाल न करता, पाय लोंबते ठेवून त्याच वाऱ्यात बसलेले असते. लहान मुलाचे अंग वजनाच्या मानाने मोठे असल्यामुळे ते आपल्यापेक्षा लवकर गार पडते. ज्याच्या पाठीवर ते आहे त्याला त्याचे तोंडही दिसत नाही. म्हणून असे कॅरियर वापरताना मागून चालणारे एक माणूस हवेच, आणि त्याने थोड्या थोड्या वेळाने मुलाच्या मानेमागे आणि छातीवर हात लावून पाहायचे. हात-पाय गार लागणे ही फारशी काळजीची गोष्ट नाही, मान आणि छाती गार लागली तर मात्र आहात तिथे थांबून मुलाला अंगाशी घ्यावे.

यजमानांच्या 'परदेशात' या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणेन की, तिकडचे सोडा, इकडच्या बायकांनीही पोटचे पोर पाठीशी बांधून किंवा बांधावरच्या झाडाला झोळी टांगून रानात दिवस काढले आहेत. मूल उघड्यावर वाढवणे आपल्याला नवे नाही. पण शेतावर जाणारी आई रोजच्या पायाखालच्या वाटेने जात असे, आणि काम सोडून दहा पावलांत झोळीपाशी पोहोचत असे. त्या दहा पावलांना मी महत्त्व देते.

आता सासूबाईंकडे वळते. वारे लागून सर्दी-ताप येत नाही, माणसांकडून येतो. त्यामुळे त्यांची भीती खोटी नसली, तरी तिचा रोख चुकीच्या दिशेला आहे. मोकळ्या टेकडीवरची हवा लेकीला बाधणार नाही; लग्नाच्या हॉलमध्ये चाळीस जणांनी गालगुच्चे घेणे बाधू शकते, आणि बारशाच्या पंगतीला 'लेकराला वारे लागेल' असे कोणी म्हणत नाही, ही आपल्याकडची एक गंमतच आहे. गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो, म्हणजे आपल्या लेकीला ते संरक्षण अजून मिळालेले नाही. तेव्हा निदान तोवर गर्दीची ठिकाणे टाळा: रविवारची खडकवासला चौपाटी, लोणावळ्याचे पॉइंट आणि शनिवार-रविवारचा सिंहगडसुद्धा. सासूबाईंच्या सांगण्यातला जो भाग खरा आहे तो मात्र जसाच्या तसा घ्या. कान झाकणारी कुंची, अंगभर सुती झबले आणि वरून एक दुपटे हा पोशाख पावसाळी हवेसाठी कोणत्याही महागड्या जॅकेटइतकाच कामाचा आहे. आपण स्वतः जेवढे घातले आहे त्यापेक्षा एक थर जास्त, एवढा अंदाज पुरतो.

सिंहगडाचे नाव निघाले म्हणून सांगते. आमचा धाकटा नऊ महिन्यांचा असताना ऑगस्टमधल्या एका रविवारी, 'गाडी थेट वर जाते, त्यात काय एवढे' म्हणून आम्ही निघालो. घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाड्यांची रांग लागली आणि पुढचे दोन तास आम्ही पुढच्या टेम्पोची मागची बाजू पाहत बसलो. पाऊस कोसळत होता, काचा वाफेने भरल्या होत्या, गरम पाण्याचा थर्मास डिकीत होता आणि डिकी उघडायची तर छत्री कोणाकडेच नव्हती. मुलगा रडून रडून झोपला. गड दिसलाच नाही. उतरताना यजमान एवढेच म्हणाले, की भजी तरी खायला हवी होती. त्या दिवसापासून मुलाची पिशवी मी डिकीत ठेवत नाही, पायापाशी ठेवते, आणि घाटाचा रस्ता असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी सातच्या आत निघते.

पावसाळ्यात धबधबे, ओढे आणि धरणांच्या भिंती यांच्याजवळ मूल घेऊन जाऊच नका. कडेला बसून फोटो काढण्यापुरतेही नको. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत लहान मुले होती. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी एकदम वाढते. मोठ्या माणसाला निसटायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मिळत नाही, कडेवर मूल असेल तर त्याहून कमी. हवामान खात्याने जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर बेत रद्द करावा, आणि काही पर्यटनस्थळांवर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांची बंदी असते, तीही निघण्याआधी पाहून घ्यावी.

मग जायचे कुठे? आपण कोथरूडमध्ये राहता, म्हणजे महात्मा सोसायटीच्या बाजूने वेताळ टेकडी आपल्या दारातच आहे. पाऊस उघडलेला दिवस पाहून सकाळी साडेसहाला निघा. लेकीला दूध पाजून झालेले असावे. चिखल फार असेल तर चढाचा हट्ट धरू नका, सुरुवातीच्या सपाटीवर अर्धा तास हिंडा आणि आठच्या आत घरी या. एवढीच पहिली सहल. आपल्याला ती सहल वाटणारही नाही, पण लेकीसाठी ओल्या गवताचा वास, मोराचा आवाज, डोक्यावरून जाणारे ढग आणि शेजारून धावत गेलेला कुत्रा हे एका सकाळी पुष्कळ झाले. या वयाच्या मुलाला दृश्य लागत नाही, एक पान लागते. ते पान ती तोंडात घालणार, म्हणून हातात देण्याआधी बघून द्या. टेकडी नको वाटली तर थोरात उद्यानात किंवा एम्प्रेस गार्डनमध्ये झाडाखाली चटई अंथरून तिला पोटावर सोडा. बाबागाडी तिथल्या फरसबंद वाटांवर चालते, टेकडीवर तिचा उपयोग नाही. ऊन असेल तर बाबागाडीवर दुपटे पांघरून ती बंद करू नका; आत हवा खेळत नाही आणि बघता बघता भट्टी होते. सावलीत उभी करा.

कॅरियर आणलेच आहे तर वाया जाऊ नये. लेक आधाराशिवाय, न डुलता, बराच वेळ बसू लागली असेल, तरच तिला त्यात बसवा. मुले साधारण सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान या टप्प्याला येतात, पण तारखेवर जाऊ नका, तिच्याकडे पाहा. आधी घरातल्या घरात, मग सोसायटीच्या आवारात पंधरा-पंधरा मिनिटे बसवून सवय करा. झोप लागून तिची मान पुढे पडत असेल तर तिला काढून कुशीत घ्यावे, कारण हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडतो. छातीशी बांधायचे कापडी कॅरियर वापरत असाल तरी हेच पाहायचे: तिचा चेहरा आपल्याला दिसला पाहिजे, नाक-तोंड कापडाने झाकले जाता कामा नये, आणि मांड्या फाकून गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर, बेडकासारखे, असले पाहिजेत, पाय सरळ लोंबत राहिले तर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. सांगाड्यात मुलाचे डोके आपल्या डोक्यापेक्षा वर असते. आपण सवयीने वाकून करवंदीच्या जाळीखालून निघून जातो, तेव्हा काटे कोणाला लागतात ते लक्षात ठेवा. आणि आपली कंबर धरते आहे, तोवर हे ओझे यजमानांच्या पाठीवरच राहू द्या. आपल्या डॉक्टरांना एकदा कमरेबद्दल विचारून घ्या, बाळंतपणानंतर बायका हे विचारायचे टाळत राहतात.

खाण्यापिण्याचे फार अवघड नाही, कारण या वयात मुख्य अन्न आईचे दूधच असते. आपण अंगावर पाजत असाल तर निम्मी पिशवी हलकी झाली. फक्त आपण स्वतः पाणी पीत राहा आणि उपाशी निघू नका. पावडरचे दूध देत असाल तर उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये आणि पावडर मोजून वेगळ्या कोरड्या डब्यात न्यावी, दूध ऐन वेळी करावे, पाजण्याआधी निववून मनगटावर थेंब टाकून पाहावे आणि उरलेले टाकून द्यावे. घरून तयार करून नेलेली बाटली पावसाळी दमट हवेत नासते. वरच्या खाण्यासाठी सालासकट केळे आणि सोबत एक चमचा, एवढे छोट्या फेरीला पुरते. लांब जायचे असेल तर उकडलेले रताळे घ्या. गडावरच्या मावशींचे मडक्यातले दही आपण दोघांनी खुशाल खावे, लेकीला चाटवू नये. पाणी कुठले आणि भांडे कसे धुतले, हे तिथे विचारता येत नाही. प्रवासात खोकला झाला म्हणून मधाचे बोट चाटवण्याची पद्धत आहे, तीही वर्ष पूर्ण होईपर्यंत नको, कारण मधातल्या जिवाणूंमुळे इतक्या लहान मुलांना गंभीर आजार होऊ शकतो. लंगोट नेहमीपेक्षा कमी ओला होतो आहे, टाळू खोल गेली आहे किंवा मूल मलूल पडले आहे असे दिसले, तर अंगातले पाणी कमी झाले आहे असे समजून लगेच परत फिरावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

डासांसाठी अंगभर कपडे आणि बाबागाडीवर जाळी हे सर्वांत बरे. मलम लावायचेच असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून लावा, आणि ते तिच्या हातांवर मुळीच नको, कारण ते हात तोंडातच जाणार. हिवाळ्यात पुढे गडावर जाल तेव्हा कड्यावर आग्या मोहोळ लटकलेले आहे का ते आधी पाहा. त्या बाजूला शेकोटी, धूर आणि अत्तर तिन्ही टाळा. माश्या उठल्या तर मोठे माणूस पळू शकते, पट्ट्यांत बांधलेल्या मुलाला सोडवून घेऊन पळायला वेळ लागतो.

जाण्या-येण्याचेही पाहायला हवे. टेकडीपर्यंत स्कूटरवर, लेकीला दोघांच्या मध्ये धरून जायचे, हा पुण्यातला सर्वमान्य प्रकार आहे आणि तो आपण करू नये. 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर चालकाशी जोडणारा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेटही लागते, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर जाता कामा नये. साडेसात महिन्यांच्या डोक्याला नीट बसणारे हेल्मेट मिळत नाही, त्यामुळे रिक्षा करा किंवा चालत जा. चारचाकीत मुलाचे आसन मागच्या सीटवर, तोंड मागे करून बांधलेले हवे. मांडीवर घेणे कितीही मायेचे वाटले तरी ब्रेक जोरात लागला की आठ किलोंचे मूल हातात धरून ठेवता येत नाही. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार मुलाला न बांधता नेल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि तो आपल्याकडे क्वचितच वसूल होतो हे मला ठाऊक आहे. घाटात ती रडली तर गाडी सुरक्षित जागी थांबवा, मग बाहेर काढून पाजा. चालत्या गाडीत आसनातून काढू नका.

दिवाळीनंतर, लेक वर्षाच्या जवळ आली आणि हवा कोरडी झाली, की गड हवाच असेल तर रायगडाला न्या. तिथे रोपवे आहे, तो 1996 पासून चालतो आणि चार-पाच मिनिटांत वर नेतो. यजमान पायऱ्यांनी चढतील, आपण लेकीला घेऊन रोपवेने जा, कमरेलाही ते बरे. वर पोहोचल्यावर हिरकणी बुरूज पाहालच. कोजागिरीच्या रात्री दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या त्या गवळणीची आख्यायिका आपल्याला कोणी सांगायला नको. एसटी स्थानकांवर आयांना बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते तिलाही 'हिरकणी कक्ष' हेच नाव दिलेले आहे, आणि ती खोली वापरायला आपण संकोच करू नये. मला मात्र त्या कथेतली एक साधी गोष्ट नेहमी दिसते, ती म्हणजे हिरकणीनेही बाळ घरीच ठेवले होते.

त्यावरून राजगडाकडे परत येते. यजमानांना जुलैमध्ये जायचे आहे तर त्यांनी मित्रांबरोबर जावे, त्यात लेकीवर अन्याय नाही. पण त्याच वेळी घरातल्या दिनदर्शिकेवर आपलाही एक दिवस लिहून टाका. कंबर आणि डॉक्टर परवानगी देतील तेव्हा आपण मैत्रिणींबरोबर सकाळी निघून संध्याकाळी परत येणार, आणि त्या दिवशी लेक बाबा आणि आजी यांच्याकडे राहणार. आपल्या पत्रात 'वर्षभर मी टेकडीसुद्धा पाहिलेली नाही' हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले. यजमानांनी या वर्षात किती टेकड्या पाहिल्या, ते आपण लिहिले नाही.

टेकडीच्या पहिल्या फेरीला सासूबाईंना बरोबर घ्या. त्यांना घरी ठेवून 'बघा, काही झाले नाही' असे सांगत परत येण्यापेक्षा, कुंची कोणती घालायची ते त्यांनाच ठरवू द्या आणि वर पोहोचल्यावर लेकीला काही वेळ त्यांच्या कडेवर द्या. वारे जास्त आहे असे त्या म्हणाल्या, तर त्या दिवशी वाद न घालता खाली उतरा. घाण लंगोट ठेवायला एक जाड पिशवी वेगळी घ्या आणि ती घरच्या कचऱ्यातच टाका. टेकडीवरच्या झुडपांत अडकलेले डायपर आपण दोघांनी पूर्वी पाहिलेले असतीलच. सकाळी उठल्यावर पाऊस लागलेला असेल, तर बेत पुढच्या शनिवारवर ढकला आणि लेकीला गॅलरीत नेऊन पागोळीखाली तिचा हात धरा.